फ्ल्यूची लस सुरक्षितपणे घेण्यासाठी आधी काय विचारावे आणि काय पाहावे?

प्रश्न : निरंजना

माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित पडत असल्यामुळे त्यांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी रोज घ्यावी लागते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी फ्ल्यूची लस घेतली तेव्हा सुई खांद्याच्या अगदी वरच्या टोकाशी टोचली गेली, आणि त्यानंतर जवळजवळ तीन महिने त्यांना हात डोक्याच्या वर नेता येत नव्हता. लसीमुळेच हात धरला, असे त्यांनी मनाशी पक्के केले आहे आणि पुन्हा लस घ्यायला ते तयार नाहीत.

दुसरी काळजी मुलीची आहे. ती चार वर्षांची असून तिला ही लस अजून एकदाही दिलेली नाही. दीड वर्षाची असताना अंडे खाल्ल्यावर तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, आणि ही लस कोंबडीच्या अंड्यात तयार होते असे मी वाचले आहे. लस घेतल्यानेच फ्ल्यू होतो, असेही काही नातेवाईक ठामपणे सांगतात. दोघांनाही लस द्यावी असे मला मनापासून वाटते, मात्र डोळे मिटून नाही. लस देणाऱ्यांना नेमके काय सांगावे, काय विचारावे आणि स्वतः काय पाहावे?

उत्तर १ : सेवानिवृत्त परिचारिका

निरंजनाताई, मी तीस वर्षे लसीकरणाचे काम केले आहे. वडिलांचा अनुभव वाचून वाईट वाटले, कारण योग्य जागी टोचले असते तर तो त्रास बहुधा टळला असता. खांद्याच्या सांध्याजवळ स्नायुबंधांचे घर्षण कमी करणारी द्रवाची एक पातळ पिशवी असते. सुई फार वर टोचली गेली तर लस स्नायूत न जाता या पिशवीत किंवा सांध्याच्या आवरणात उतरते, आणि ज्या दाहाने स्नायूत प्रतिकारशक्ती जागी व्हायची तोच दाह सांध्यात होऊन हात आखडतो. म्हणजे त्यांच्या वेदना खऱ्या होत्या, त्यांना 'मनाचे खेळ' म्हणून उडवून लावू नका. मात्र बहुतेक करून दोष लसीचा नव्हता, जागेचा होता, हे त्यांना शांतपणे समजावून सांगा.

या वेळी त्यांना संपूर्ण बाही वर सरकवता येईल किंवा सदरा काढता येईल असे कपडे घालायला सांगा, कारण गळ्याकडून कापड खाली ओढून खांदा उघडा केला की केवळ वरचाच भाग दिसतो आणि सुई तिथेच टोचली जाते. खांद्याच्या टोकाला हाताला लागणारे हाड चाचपून त्याच्या दोन ते तीन बोटे खाली, दंडाच्या जाड स्नायूच्या मध्यभागी, सुई काटकोनात टोचायची असते. टोचणारी व्यक्ती आणि लस घेणारा दोघेही बसलेले असावेत. उभ्याने टोचताना हात नकळत वर जातो. मागच्या वेळी असे झाले होते, आता जागा नीट पाहून टोचा, हे स्पष्ट शब्दांत सांगण्यात कसलाही संकोच बाळगू नका. मला कुणी असे सांगितले की मला उलट बरेच वाटत असे. दुखावलेला हात सोडून दुसऱ्या दंडात लस घेतली तरी चालते.

वॉरफरिन चालू असताना ही लस घेता येते, पण ते आधीच सांगावे लागते. आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी, अलीकडची तपासणी मर्यादेत आहे ना, हे त्यांच्या डॉक्टरांकडून कळून घ्या आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. अशा रुग्णांसाठी बारीक सुई वापरतात आणि टोचल्यावर किमान दोन मिनिटे जागा न चोळता घट्ट दाबून धरतात. चोळण्याची आपल्याला फार सवय असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवलेली असावी. ती एकदा गोठली तर वितळल्यानंतरही वापरायची नसते, टाकूनच द्यायची असते. कुपी कुठून काढली, मुदत कधी संपते आणि सुई व सिरिंज तुमच्यासमोर फोडली का, हे पाहणे हा तुमचा हक्क आहे.

उत्तर २ : बालरोगतज्ज्ञ

मुलीविषयी लिहितो. बहुतेक फ्ल्यूच्या लशी अंड्यात वाढवलेल्या विषाणूंपासून करतात आणि त्यांत अंड्यातील प्रथिनांचा अत्यल्प अंश उरू शकतो. मात्र अंड्याची ॲलर्जी असलेल्यांना या लशी मोठ्या प्रमाणावर देऊन झाल्यानंतर तो अंश सहसा बाधत नाही असे दिसले. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने तर २०२३ पासून केवळ अंड्याच्या ॲलर्जीसाठी वेगळी खबरदारी घेण्याची शिफारसच काढून टाकली. तरीही गांधींची हकीकत डॉक्टरांना जरूर सांगा. खरी अडचण अशी व्यक्ती असते जिला याआधी फ्ल्यूच्याच लशीने किंवा तिच्यातील एखाद्या घटकाने श्वास कोंडणे, रक्तदाब कोसळणे अशी तीव्र प्रतिक्रिया आली होती.

सहा महिन्यांपासून आठ वर्षांपर्यंतच्या ज्या मुलांना ही लस प्रथमच द्यायची असते, त्यांना त्याच हंगामात किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात. पहिली मात्रा शरीराला विषाणूची केवळ ओळख करून देते, आणि पुरेसे संरक्षण दुसरीनंतर मिळते. अनेक पालक पहिलीवरच थांबतात, याचे मला दरवर्षी दुःख होते.

लस दिल्यावर पंधरा मिनिटे तिथेच बसा. तीव्र ॲलर्जी अतिशय दुर्मिळ आहे, दहा लाख मात्रांमागे साधारण एक-दोन इतकी, पण ती आलीच तर पहिल्या काही मिनिटांत ॲड्रेनॅलिन द्यावे लागते. म्हणून जिथे ते औषध हाताशी आहे आणि ते द्यायला प्रशिक्षित माणूस आहे, अशाच ठिकाणी लस घ्यावी. रात्री थोडा ताप आला तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देता येते. लहान मुलांना ॲस्पिरिन मात्र कदापि देऊ नये.

उत्तर ३ : सावध वाचक

लस घेतल्याने फ्ल्यू होतो, हा समज माझ्याही घरात होता. इंजेक्शनच्या लशीत मारलेले विषाणू किंवा त्यांचे तुकडे असतात, त्यामुळे तिच्यातून फ्ल्यू होणे शक्य नाही. अंग दुखणे, किंचित ताप येणे ही एक-दोन दिवसांची प्रतिक्रिया असते. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि त्या काळात दुसऱ्याच एखाद्या विषाणूने सर्दी झाली की सगळा आळ लशीवर येतो.

नाकात फवारायची लस मात्र वेगळी आहे. तिच्यात दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात, म्हणून गर्भवतींना आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना ती देत नाहीत. माझ्या भावाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले आहे. एका ठिकाणी त्याला काहीही न विचारता हीच फवारणी पुढे केली होती. सुदैवाने वहिनींनी वेळीच थांबवले. एरवी गर्भवतींना इंजेक्शनची लस कोणत्याही महिन्यात घेता येते, आणि सहा महिन्यांखालच्या ज्या बाळाला लस देता येत नाही त्यालाही आईकडून संरक्षण मिळते.

आधीच्या फ्ल्यूच्या लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत कुणाला गिया-बारे आजार (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते आणि हातपाय लुळे पडू शकतात) झाला असेल, तर पुढचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा.

निरंजना

आपणा सर्वांचे आभार. वडिलांना पहिले उत्तर वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले आणि डाव्या दंडात लस घ्यायला होकार दिला. आता दोनच शंका आहेत. त्यांना सध्या थोडी सर्दी आहे, ताप नाही; तरी थांबावे का? आणि एका ठिकाणी गेल्या हंगामातील लस शिल्लक असल्याचे सांगतात, ती चालेल का?

सेवानिवृत्त परिचारिका

ताप नसलेल्या किरकोळ सर्दीसाठी थांबण्याची गरज नाही. चांगला ताप असता तर बरे होईपर्यंत थांबा असे सांगितले असते.

गेल्या हंगामाची लस घेऊ नका. विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लशीत कोणते प्रकार असावेत ते सुचवते. खोक्यावर हंगामाचे वर्ष छापलेले असते, ते वाचा. वडिलांचे वय ६५ च्या पुढे असल्यामुळे ज्येष्ठांसाठीची अधिक मात्रेची किंवा प्रतिसाद वाढवणारा घटक असलेली लस मिळते का, तेही विचारा; न मिळाल्यास नेहमीची घ्या, पण त्यापायी हंगाम जाऊ देऊ नका. लशीचे नाव, बॅच क्रमांक, तारीख आणि कोणत्या दंडात टोचली हे एका वहीत लिहून ठेवा, आणि मुलीच्या दुसऱ्या मात्रेची तारीख त्याच पानावर घाला.