चर्चा: आपल्या गाई, न्यूझीलंडच्या गाई आणि ग्रुपवरचा तो आलेख

पामबीच_पायी (वाशी):
सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी आलेख टाकलाय. १९९० पासून शेती आणि जनावरांमुळे होणारं हरितगृह वायूंचं उत्सर्जन: भारताची रेघ चढत गेलेली, न्यूझीलंडची थोडी चढून आडवी झालेली. खाली ओळ, 'त्यांना जमतं, आपल्याला का नाही?'

माझ्या मते ही तुलना लबाड आहे. न्यूझीलंडची लोकसंख्या पन्नास लाखांच्या थोडी वर. एकट्या ठाणे जिल्ह्यात याहून जास्त माणसं राहतात. तरी त्यांच्या देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा निम्म्याच्या आसपास, आपल्याकडे १४ टक्क्यांच्या आसपास. शिवाय ती आडवी रेघ कशामुळे आली? १९९० ला तिथे पावणेसहा कोटींच्या घरात मेंढ्या होत्या, आज अडीच कोटीही नाहीत. लोकर परवडेना म्हणून मेंढ्या गेल्या. त्याच काळात दुभत्या गाई ३४ लाखांच्या आसपास होत्या, त्या साठ लाखांच्या घरात पोचल्या. एकीकडे घट, दुसरीकडे वाढ, बेरीज जवळपास तेवढीच. यात 'जमलं' काय?

घोडबंदरकर:
झालं, निघालं दरडोईचं हत्यार. वातावरण रेशनकार्ड बघून तापत नाही हो. दुधाच्या लिटरमागे हिशेब लावा. आपली देशी गाय दिवसाला तीन-चार लिटरवर थांबते, वर भाकड जनावरं दावणीला आहेतच. त्यांचंही पोट रवंथ करतं, मिथेन हा हरितगृह वायू सोडतं, दूध शून्य. तिकडची एक गाय आपल्या कितीतरी गाईंचं काम करते. २०२१ ला ग्लासगोच्या हवामान परिषदेत मिथेन कमी करण्याच्या जागतिक वचनावर न्यूझीलंडने सही केली, आपण केली नाही. हे सोयीस्कर विसरायचं?

पामबीच_पायी (वाशी):
विसरलो नाही. पण सही केलेल्यांनी पुढे काय केलं? जनावरांच्या उत्सर्जनावर दर लावायची योजना २०२४ मध्ये गुंडाळली. २०५० चं मिथेन कपातीचं लक्ष्य आधी २४ ते ४७ टक्के होतं, ते २०२५ ला १४ ते २४ वर आणलं. आणि त्यांचं बहुतेक दूध पावडर, लोणी होऊन परदेशात जातं. पिणारा दुसऱ्या देशात, आलेखात धूर यांच्या नावावर. तोही प्रश्न आहेच, पण तो त्यांनी सोडवावा.

लिटरमागे म्हणता ना? घ्या. १९९२ च्या पशुगणनेत आपल्याकडे गाई-म्हशी मिळून २९ कोटींच्या आसपास होत्या, २०१९ ला ३० कोटींच्या थोड्या वर. दूध मात्र साडेपाच कोटी टनांवरून १९ कोटी टनांच्या आसपास गेलं. जनावरं जवळपास तेवढीच, दूध तिपटीहून जास्त. लिटरमागचा मिथेन उतरलाय, तेही कुठलाही कर न लावता.

घोडबंदरकर:
उतरलाय, मान्य. पण कुठून कुठे? तळातून एक पायरी वर आलो म्हणून गच्चीवर पोचलो असं होत नाही.

ऐरोली_नाईट_शिफ्ट:
दोघंही गाईच्याच शेपटीला धरून बसलायत. वायू वेगळे करून बघा. मिथेन हवेत बारा-एक वर्षं टिकतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो, वीस वर्षांचा धरला तर ८० पटींच्या आसपास. कुठला आकडा घ्यायचा यावर आलेखाचा चेहरा बदलतो. न्यूझीलंडच्या शेतकरी संघटनांचा युक्तिवाद असा, की कळप स्थिर असेल तर जुना मिथेन विरतो तेवढाच नवा येतो, तापमानात नवी भर फारशी पडत नाही. अर्थात आहे ती गरमी तशीच राहते, हे ते हळूच सांगतात. पण हा युक्तिवाद त्यांना लागू असेल तर तीस वर्षं कळप जवळपास तेवढाच ठेवणाऱ्या आपल्यालाही लागू.

आपली रेघ खरी चढली ती खतामुळे. १९९०-९१ ला देशात नत्राचा वापर ८० लाख टन होता, आता दोन कोटींच्या घरात, त्यात मोठा वाटा युरियाचा. पिकाने न घेतलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड निघतो. तो तापवतो कार्बन डायऑक्साइडच्या २७० पटींच्या आसपास, आणि शंभरेक वर्षं मुक्काम. त्याला 'विरतो' ही सबब चालत नाही. न्यूझीलंडनेही नत्र कित्येक पटींनी वाढवलंय, त्यामुळे काकांना सांगा, इथे दोघंही एकाच बाकावर.

घोडबंदरकर:
युरियाची ४५ किलोची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते म्हटल्यावर शेतकरी हात आखडता का घेईल? किंमत वाढवा, वापर उतरेल.

मुरबाडचा_पण_कोपरीत:
घोडबंदरला बसून गोणीचा भाव वाढवणं सोपं आहे, दादा. आमच्याकडे चारसूत्री भाताची पद्धत आहे. युरिया आणि डीएपी या दोन खतांच्या गोळ्या, आम्ही ब्रिकेट म्हणतो, लावणी झाली की चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये एक अशी चिखलात बोटाने खोल खोचायची. खत वर वाहून जात नाही, वरून विखरून टाकण्यापेक्षा बरंच कमी लागतं. काकाने केलं, भात चांगलं आलं. पुढल्या वर्षी सोडून दिलं. वाकून वाकून खोचायला माणसं आणायची कुठून? गावातली पोरं भिवंडीच्या गोदामांत जातात, लावणीलाच हात मिळत नाहीत.

ऐरोली_नाईट_शिफ्ट:
त्याला यंत्र नाही का?

मुरबाडचा_पण_कोपरीत:
असेल. आमची खाचरं उतारावर, एकाखाली एक. बांधावरून ते उतरवणार कोण? आणि पाऊस लागला की खाचरात पाणी राहणारच, साचल्या पाण्यात मिथेन होणारच. 'मधेमधे वाळवा, मिथेन कमी होईल' हा सल्ला कालव्याच्या पाण्यावर भात करणाऱ्याला द्या, आमचा नळ वरच्याच्या हातात.

घोडबंदरकर:
मग गोणीवरच्या अनुदानातले थोडे पैसे काढून ब्रिकेट खोचणाऱ्याच्या मजुरीला द्या. त्यावर माझी सही घ्या. भाकड गाईंबद्दल मात्र मी होतो तिथेच आहे.

पामबीच_पायी (वाशी):
राहा. ही सगळी चर्चा मी काकांना पाठवतोय.