ईसीएचएस : ज्येष्ठ माजी सैनिकांच्या लशींचा खर्च मिळतो का? मदत हवी आहे

माझे वडील सुभेदार म्हणून सैन्यातून निवृत्त झाले असून ईसीएचएस या माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेचे सदस्य आहेत. वय ७१, मधुमेह आणि सीओपीडी (फुफ्फुसांचा श्वास अडवणारा दीर्घकालीन आजार) हे दोन्ही जुने आजार. योजनेच्या पॉलिक्लिनिकच्या रेफरलवर संलग्न रुग्णालयातील छातीविकारतज्ज्ञांना दाखवले असता त्यांनी फ्लू, न्यूमोकोकल (न्यूमोनियापासून बचावाची) आणि नागीण या तिन्हींच्या लशी लिहून दिल्या. पॉलिक्लिनिकच्या औषध खिडकीवर मात्र त्या साठ्यात नसल्याचे सांगण्यात आले, आणि लस हे उपचाराचे औषध नव्हे असे म्हणत चिठ्ठीवर ‘एनए’ (उपलब्ध नाही) शेरा देण्यासही नकार मिळाला.

फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागत असली तरी तो खर्च झेपण्यासारखा आहे. अडचण आहे ती नागिणीच्या लशीची. २०२३ पासून भारतात उपलब्ध असलेल्या या लशीचे दोन डोस दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने घ्यावे लागतात आणि एकेका डोसची किंमत दहा हजारांच्या पुढे जाते. पहिला डोस स्वखर्चाने घेतला आणि नंतर ‘पूर्वपरवानगी का घेतली नाही’ असे विचारले गेले, तर दुसऱ्या डोसचा दावाही अडकेल, ही धास्ती आहे.

दुसरीकडे वळावे तर सरकारचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम प्रामुख्याने बालके आणि गर्भवतींसाठी आहे, आणि खासगी मेडिक्लेममध्ये, प्राणी चावल्यानंतरची लस वगळता, लसीकरण सहसा बसत नाही. सीओपीडीच्या रुग्णाला न्यूमोनियाने दाखल करावे लागले तर ते बिल हीच योजना कॅशलेस भरते. मग तो टाळणाऱ्या लशीपाशीच हात आखडता का, हे मला तरी उमगलेले नाही.

प्रौढांच्या लशींचा परतावा ईसीएचएसमध्ये कोणाला मिळाला असल्यास त्यासाठी तज्ज्ञांची चिठ्ठी पुरली, की पॉलिक्लिनिकच्या ओआयसींची (प्रभारी अधिकाऱ्यांची) लेखी मंजुरी आधी घ्यावी लागली? ‘एनए’ शेरा नाकारल्यास ईसीएचएसच्या रिजनल सेंटरकडे (प्रादेशिक कार्यालयाकडे) थेट अर्ज करता येतो का? लस संलग्न रुग्णालयातच टोचून घ्यायला हवी, की बाहेरच्या औषध दुकानाचे बिलही चालते?

उत्तर देताना संबंधित परिपत्रकाचा क्रमांक किंवा तारीख आवर्जून द्यावी, कारण खिडकीवर ऐकीव माहितीला कोणी दाद देत नाही. फ्लू आणि न्यूमोकोकलच्या लशी आम्ही तूर्त स्वखर्चाने घेत आहोत व बिले जपून ठेवणार आहोत. नागिणीची लस तेवढी आपल्या उत्तरापर्यंत थांबवली आहे.