पाण्याला ओल्या मातीचा वास येतोय, बाळाला द्यावं का?

इंदिरानगरची आजी: नमस्कार. आठ दिवस झाले, पाण्याला पहिल्या पावसात जमिनीचा येतो तसा वास येतोय. अंगणात तो छान वाटतो हो, पण तोंडाजवळ पेला नेववत नाही. उकळून माठात भरलं तरी तेच. सासूबाईंनी चहा सोडलाय. पाणी दिसायला नितळ आहे, पण नातू सव्वा वर्षाचा आहे. जीवाला घोर लागलाय.

सातपूरकर: काकू, आधी वास कुठला ते बघा. पाणी आलं की एक पेला थेट लाइनच्या नळाचा आणि एक टाकीचा घ्या. दोन्ही जरा कोमट करून वास घ्या, लगेच कळेल.

जुना लॅबवाला: मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, म्हणून सांगतो. हा वास बहुधा जिओस्मिनचा. निळं-हिरवं शेवाळ आणि मातीतले काही जिवाणू ते तयार करतात. मृद्गंधातही तेच असतं. लिटरला 10 नॅनोग्रॅम, म्हणजे जवळजवळ काहीच नाही, तरी नाकाला कळतं. एवढ्याशा जिओस्मिननं अपाय होत नाही. क्लोरीन, तुरटी दोन्हींनी ते जात नाही, सक्रिय कोळशाचा फिल्टर लागतो, तोही जुना झालेला नको. मात्र कोळसा क्लोरीनही काढून घेतो, तेव्हा गाळलेलं पाणी साठवून ठेवू नका.

नुसता ब्लीचिंगचा वास आला तर घाबरू नका. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायलाच हवं. उघड्या पातेल्यात तासभर ठेवा, वास कमी होतो. पण गटाराचा किंवा कुजक्या अंड्याचा वास आला तर बाळालाच काय, कुणालाच ते पाणी देऊ नका. उकळूनही नको. त्याच दिवशी तक्रार करा.

इंदिरानगरची आजी: लाइनचं पाणी चांगलं निघालं, वास टाकीच्याच पाण्याला होता! मुलगा गच्चीवर गेला तर झाकणाचा कोपरा फुटलेला, ऊन सरळ आत पडत होतं. आत हिरवा थर, नखानं खरवडला तर साय निघावी तसा निघाला. तळाला चार बोटं गाळ. काल टाकी घासून धुतली, काळं जाड झाकण बसवलं. फिल्टरचं कोळशाचं नळकांडं दोन वर्षांचं होतं, तेही बदललं. बाळाला दोन दिवस लाइनचंच पाणी उकळून दिलं.

आज सकाळी सासूबाईंनी कप आधी नाकाशी धरला, मग चहा प्यायल्या.