सायकलमार्ग ‘नंतर’ कशाला?

वस्तीचा पुनर्विकास होताना ‘आधी इमारती उभ्या राहू देत, सायकलमार्ग नंतर आखता येतील’ असं म्हटलं जातं, ते मला पटलं नाही. पुनर्विकासात गटारं, केबल, फुटपाथच्या कडा एकदा पक्क्या झाल्या की दोन मीटर जागा काढणंही महागात जातं. शिवाय माणसाच्या येण्याजाण्याच्या सवयी घर बदलताना बदलतात. तेव्हा गाडी अंगवळणी पडली की सुटणं कठीण.

खरी मेख मात्र या नव्या वस्तीच्या हद्दीवर आहे. आत गुळगुळीत मार्ग आणि बाहेर पडताच सहापदरी रस्ता! कोपनहेगनच्या बंदरभागात सायकलस्वारांना जिन्यावरून सायकल न्यावी लागायची. २०१४ साली फक्त सायकलींसाठी उन्नत पूल झाला, तेव्हा कुठे ती कटकट संपली. त्यामुळे आराखडा हातात आला की आधी बाहेरच्या रस्त्यांशी असलेल्या या जोडण्या तपासा, बाकं-कारंजी मागाहून. (सावलीची झाडं मात्र पहिल्याच दिवशी लावा, त्यांना वाढायला वर्षं लागतात.)