डी.एल.एड. महाविद्यालयांचे मूल्यमापन कशावरून करावे?

माळरान
आपल्या महाराष्ट्रातील अध्यापक विद्यालये, म्हणजे डी.एल.एड. ही दोन वर्षांची शिक्षक-पदविका देणारी महाविद्यालये, प्राथमिक शिक्षक कितपत घडवतात, हे आज इमारत, ग्रंथालय, अध्यापकाचार्यांची संख्या आणि फार तर शिक्षक पात्रता परीक्षेचा (टीईटी) निकाल यांवरून ठरते. टीईटीच्या पहिल्या पेपरमध्ये १५० गुणांचे बहुपर्यायी प्रश्न असतात. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांतील उमेदवाराची जाण त्यातून कळते. पण पहिलीतल्या मुलाला वाचायला शिकवणे त्याला जमते का, हे पर्यायांवर खुणा करून कळणे शक्य नाही.

एका शाळेत मी नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेचा तास पाहिला. त्यांनी मगरीचे चित्र आणि त्याखाली शब्द असलेले कार्ड दाखवले, मुलाने खणखणीत आवाजात ‘मगर’ म्हटले आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. चित्र झाकून तोच शब्द विचारला असता, तर मुलाने शब्द वाचला की नुसते चित्र ओळखले, हे तिथल्या तिथे समजले असते. बाई कष्टाळू होत्या, फळ्यावरचे अक्षर सुरेख होते. परंतु ही साधी पडताळणी त्यांना दोन वर्षांच्या शिक्षणक्रमात कोणी करायला लावलेली नव्हती. म्हणून माझे म्हणणे असे की, महाविद्यालयाची पारख त्याच्या माजी छात्राध्यापकांच्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, प्रत्यक्ष वर्गात बसून व्हावी.

आचार्य
मी अध्यापक विद्यालयात शिकवतो आणि या प्रस्तावाला माझा स्पष्ट विरोध आहे. २०१० नंतर राज्यातील शिक्षकभरती अनेक वर्षे जवळपास थांबलेली होती. शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि ‘पवित्र’ या शासनाच्या भरती-पोर्टलवरून नेमणुका त्यानंतर सुरू झाल्या. २०१२ साली पदविका घेतलेला उमेदवार मधली वर्षे खासगी शिकवण्या करतो, शेती पाहतो, स्पर्धा परीक्षा देतो आणि मग वर्गात उभा राहतो. त्याच्या उणिवांचे खापर आमच्या माथी फोडणार असाल, तर मधल्या वर्षांत झिजून गेलेल्या कौशल्याचा हिशोब कोणी द्यायचा? शिवाय आमच्याकडे कोण प्रवेश घेते, याचाही विचार करा. नोकरीची शाश्वती संपल्यावर हुशार मुलांनी या पदविकेकडे पाठ फिरवली. जी येतात, त्यांतल्या काहींचे स्वतःचेच अपूर्णांक कच्चे असतात.

गणिती
आचार्यांशी मी सहमत आहे आणि त्यात एका परदेशी अनुभवाची भर घालतो. अमेरिकेत लुईझियानासारख्या राज्यांनी शिक्षक-प्रशिक्षण संस्थांचा कस त्यांच्या पदवीधरांच्या विद्यार्थ्यांच्या चाचणी-गुणांवरून लावून पाहिला. २०१६ मध्ये तेथील केंद्र सरकारने असे मूल्यमापन देशभर लागू करणारे नियम काढले आणि २०१७ मध्ये संसदेने ते रद्द केले. राजकारण बाजूला ठेवले तरी संख्याशास्त्रीय अडचण उरतेच : बहुतेक संस्थांमधला फरक इतका किरकोळ निघतो की, तो खरा आहे की निव्वळ योगायोग, हे ठामपणे सांगता येत नाही. आपल्याकडे तर एका महाविद्यालयातून एका वर्षी नेमणूक मिळणारे शिक्षक बोटांवर मोजण्याइतके असतात.

माळरान
गणिती, मी मुलांच्या गुणांविषयी बोललोच नाही. शिक्षक वर्गात काय करतो, ते पाहा असे म्हणतो आहे. पाच-सहा तास पाहून क्रमवारी लावता येणार नाही, हे मान्य. पण एकाच महाविद्यालयातून आलेले चारही शिक्षक वाचनाची पडताळणी करत नसतील, तर त्या महाविद्यालयाने काय शिकवायचे सोडले, एवढे तरी नक्की कळेल.

शाळामास्तर
मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. नोकरी लागेपर्यंत थांबण्याची गरजच काय? राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनुसार पदविकेत २० आठवड्यांची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून प्रत्यक्ष शिकवण्याचा सराव, आहे. मूल्यमापन तिथेच करावे. आज सराव पाठाच्या वेळी मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक प्रस्तावना, फलकलेखन आणि शैक्षणिक साहित्य पाहून शेरा लिहितात. तो पाठ एका इयत्तेचा, पाऊण तासाहूनही कमी वेळाचा आणि टाचणाबरहुकूम असतो. माझ्यासमोर मात्र पहिली आणि दुसरी एकत्र बसतात. दुसरीला लेखन देऊन पहिलीकडे वळावे, तोवर दुसरीतील दोघांचे काम संपलेले असते आणि तिघांनी सुरुवातही केलेली नसते. हे सांभाळण्याचा सराव मला पदविकेत एक दिवसही मिळाला नाही. राज्यात कमी पटाच्या शाळा इतक्या असताना बहुवर्ग अध्यापनाची प्रत्यक्ष परीक्षा न घेणारे महाविद्यालय उत्तम कसे ठरते, हे मला समजत नाही.

आचार्य
शाळामास्तर, आंतरवासितेचा मुद्दा मला पटतो. मात्र आमच्या छात्राध्यापकांना शाळा बहुधा रिक्त पदावरचा बदली शिक्षक म्हणून वापरते. मार्गदर्शक शिक्षक माहिती भरण्यात गुंतलेले असतात आणि छात्राध्यापक एकटाच वर्ग सांभाळतो. अशा आठवड्यांचे गुण कोणाच्या नावावर लिहायचे? मार्गदर्शक शिक्षकाला त्या कामासाठी वेळ आणि मानधन मिळाल्याखेरीज हे मूल्यमापन आणखी एक नोंदवही होऊन बसेल.

माळरान
ती जबाबदारी शासनाची आहे आणि ती मागायलाच हवी. पण केवळ कागद तपासण्याचा परिणाम आपण भोगलेला आहे. महाराष्ट्रातील २९१ डी.एड. (डी.एल.एड.चे जुने नाव) संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्यातून २०११ मध्ये न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला आणि तपासणीत त्यांतील बहुसंख्य संस्था निकषांत बसल्या नाहीत. आंतरवासितेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत दुसऱ्या जिल्ह्याच्या शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतील (डाएट) अधिव्याख्याता आणि एक अनुभवी प्राथमिक शिक्षक यांनी पूर्वसूचना न देता बहुवर्गाचा तास पाहावा, असे सुचवतो. गुण छात्राध्यापकाला न देता निष्कर्ष महाविद्यालयाच्या नावे प्रसिद्ध करावेत.

गणिती
प्रसिद्ध करण्यास माझी हरकत आहे. निदान पहिली तीन वर्षे ते निष्कर्ष फक्त महाविद्यालयाला द्यावेत. नाहीतर निवडक छात्राध्यापक पुढे करून बाकीचे त्या दिवशी रजेवर पाठवले जातील.

शाळामास्तर
मग तासासाठी छात्राध्यापकाची निवड पाहणाऱ्यांनी हजेरीपटावरून, त्याच सकाळी करावी. पालकांपासून आणि प्रवेश घेणाऱ्या मुलांपासून तीन वर्षे माहिती लपवणे मला मान्य नाही.