तक्रार करणाऱ्या पालकाला कायद्याचं कवच पुरतं का?

रातराणी
माझा मुलगा पाच वर्षांचा होता. शाळेची बस दिसली की माझी ओढणी मुठीत घट्ट धरून ठेवायचा, आंघोळीला कपडे काढू द्यायचा नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बसमधल्या मदतनिसाचं नाव घेतलं आणि मी पोलिसांत गेले. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, २०१२, त्याच्या कलम १९(७) नुसार सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही. झालीही नाही. शाळेने फक्त सुचवलं, ‘मुलाला दुसरीकडे घातलंत तर बरं.’ यापासून कुठलं कलम वाचवतं? चौकशी संपेपर्यंत तक्रारदाराच्या मुलाचा प्रवेश काढता येणार नाही, हे कायद्यातच लिहायला हवं.

मास्तर
ताई, वाचून पोटात कालवलं. तरीही असहमत. माझ्या एका सहकाऱ्यावर मुलीच्या ताब्याच्या भांडणातून तक्रार झाली. तो निर्दोष सुटला, पण तोवर मुलगी त्याच्याजवळ यायला तयार नव्हती. तक्रारदाराला आणखी कवच द्याल, तर अशा माणसाने जायचं कुठे? खोटं ठरलं की शिक्षा झालीच पाहिजे.

काळा कोट
मास्तर, सिद्ध न होणं वेगळं आणि खोटं असणं वेगळं. कलम २२ लागतं ते अपमान, खंडणी, धमकी किंवा बदनामी एवढ्याच हेतूने खोटी तक्रार केली तर. त्यात ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आरोपी सुटला म्हणून आई आपोआप गुन्हेगार होत नाही. आणि गुन्हा झाल्याचं कळूनही कळवलं नाही, तर कलम २१ खाली तेवढीच शिक्षा आहे. बोलली तर संशय, गप्प बसली तर गुन्हा. तिने करायचं काय?

मास्तर
कलमं मान्य. पण हेतू सिद्ध करेपर्यंत समोरचा उद्ध्वस्त होतो, त्याचं काय?

रातराणी
त्यावर उपाय पहिल्या जबाबातच आहे. आमच्याकडे साध्या कपड्यांतल्या महिला अधिकारी घरी आल्या, कलम २४ मध्ये आहे तसं. आधी त्याची लाल गाडी फरशीवर फिरवत बसल्या. बऱ्याच वेळाने तो आपणहून बोलला, स्वतःच्या शब्दांत. मूल पढवलेलं असेल तर तेही अशाच जबाबात कळायची शक्यता जास्त. पालकाला घाबरवून तुमच्या सहकाऱ्याला काय मिळालं असतं?

मास्तर
जबाबाचं पटलं. मुलाला शाळेतून काढू नये, हेही. ताब्याच्या खटल्यांबद्दल मात्र माझं मत अजून तेच आहे.