मानसिक आजार असलेल्या आरोपीचा बचाव: प्रशिक्षण सगळ्या वकिलांना की मोजक्यांना?

फौजदारी_बावडा

कोल्हापूर जिल्ह्यात फौजदारी बाजूला उभं राहणाऱ्या प्रत्येक वकिलाला, मानसिक आजार असलेल्या पक्षकाराचं काम कसं चालवायचं याचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. सभागृहात हारतुरे आणि दोन तासांचं व्याख्यान याला मी प्रशिक्षण म्हणत नाही. सहा बैठका घ्या: दोन कायद्यावर, दोन मनोविकारतज्ज्ञांबरोबर, एक पक्षकाराच्या मुलाखतीच्या सरावाची, एक डॉक्टरांच्या उलटतपासाच्या सरावाची.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दोन प्रश्नांची सरमिसळ झाल्यामुळे. घटनेच्या क्षणी आरोपीला आपण काय करतोय, ते चूक आहे किंवा कायद्याविरुद्ध आहे हे कळत होतं का, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 चा प्रश्न (दंड विधानातलं जुनं 84). आज कोर्टात काय चाललंय ते समजून त्याला बचाव करता येतो का, हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 367 आणि 368 चा प्रश्न (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 328, 329). घटनेच्या दिवशी भ्रमात असलेला माणूस आठ महिने गोळ्या घेऊन आज अगदी सरळ उत्तरं देऊ शकतो. उलटंही होतं. तरी अर्जात दोन्ही कलमं एकाच परिच्छेदात येतात आणि अर्ज फेटाळला जातो.

कळंबा कारागृहात पक्षकाराच्या मुलाखतीला गेल्यावर "आज तारीख काय, तुझं गाव कोणतं" एवढंच विचारून भागत नाही. न्यायाधीश काय ठरवणार, सरकारी वकील कुणाच्या बाजूचे, मी कुणाच्या बाजूचा, गुन्हा कबूल केलास तर काय होईल, हे त्याच्या शब्दांत वदवून घ्यायचं. बौद्धिक अक्षमता असलेला माणूस पुष्कळदा प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतो. त्याला तोच प्रश्न उलटा करून विचारला तरी "हो"च येतं. कबुलीजबाब नोंदवायच्या आधी हे वकिलाच्या लक्षात आलं नाही, तर पुढची सगळी केस त्या "हो"वर उभी राहते.

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याकडेच आहे. अपील मुंबईला न्यायचं नाही, हे चांगलंच झालं. पण सेशनला (सत्र न्यायालयात) जे रेकॉर्डवर आणलं नाही, ते बेंचपुढे कुठून आणणार?

सेशन_बाजू

माझा विरोध आहे, आणि तो पक्षकाराच्या हितासाठीच आहे.

कलम 22 चा बचाव घेतला की कृत्य घडल्याचं जवळपास मान्य केल्यासारखं होतं. ओळख पटलेली नाही, जप्ती संशयास्पद आहे, हे मुद्दे मग लंगडे पडतात. त्यात सिद्ध करायचा भार आरोपीवर (साक्ष्य अधिनियम 108, जुनं 105). सर्वोच्च न्यायालयाच्या 1964 च्या ठक्कर निकालापासून तो सरकार पक्षाइतका जड नाही, अधिसंभाव्यतेपुरताच आहे (म्हणजे तसं असण्याची शक्यता जास्त, एवढं दाखवण्यापुरता), हे खरं. तरी वैद्यकीय वेड आणि कायदेशीर वेड वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलंय. झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवून कुणी सुटत नाही.

आणि सुटला तरी तो घरी जाईलच असं नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या 373 खाली निकालात "कृत्य यानेच केलं" हे लिहावं लागतं, आणि 374 खाली त्याला सुरक्षित ताब्यात ठेवलं जातं किंवा नातेवाइकांच्या हमीवर सोपवलं जातं. नातेवाईक न्यायला आलेच नाहीत तर काय, हे वकीलपत्रावर सही घेताना किती जण सांगतात?

अर्धवट शिकलेले शंभर वकील प्रत्येक खुनाच्या केसमध्ये हा बचाव घ्यायला लागले, तर जो खरा आजारी आहे त्याच्याकडेही कोर्ट सोंग म्हणूनच बघेल. जिल्ह्यात आठ-दहा जणांना नीट तयार करा. केस आली की त्यांच्याकडे द्या.

लोक_अभिरक्षक_पॅनेल

साहेब, केस "आली" हे ओळखणार कोण? पहिल्या रिमांडला उभा राहतो तो बहुतेक वेळा सहाय्यक लोक अभिरक्षक, म्हणजे विधी सेवेतून आरोपीला मोफत मिळणारा वकील. नाल्साच्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) 2022 च्या योजनेत त्या पदासाठी शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो, मुख्य पदाला दहा वर्षं लागतात. तुमचे आठ-दहा तज्ज्ञ केस हातात घेतील ती चार्जशीटनंतर. तोवर पुरावा निघून गेलेला असतो.

एक उदाहरण देतो, कारण हे दर महिन्याला घडू शकतं. रोज दारू पिणारा माणूस अटक होतो. चोवीस तासांच्या आत हजर केला, तेव्हा हात थोडे थरथरतायत, बाकी ठीक. दारू अचानक तुटल्यावरचा भ्रम साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उफाळतो. म्हणजे पोलीस कोठडीतच. घाम, कपड्यावरचे नसलेले किडे झटकणं, माणसं न ओळखणं. याला नाटक समजून कोपऱ्यात बसवला तर तो दगावू शकतो. इथे वकिलाचं काम कलम 22 मांडायचं नाही. स्वतःहून घेतलेल्या नशेला तसंही कलम 23 मध्ये जागा नाही. इथे त्याच मिनिटाला वैद्यकीय तपासणीचा अर्ज देऊन सीपीआर रुग्णालयात हलवायला लावायचं. हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. शिकवलेला कुठलाही वकील पुरतो.

दुसरं, आमचं नव्वद टक्के काम खुनाचं नसतं. किरकोळ चोरी, शिवीगाळ, सरकारी नोकराच्या अंगावर धावून जाणं. अशा लहान केसमध्ये घाईनं 367 चा अर्ज टाकला, तर चौकशी थांबते, अहवालाची वाट बघत तारखा पडतात, आणि जो आठवड्यात घरी गेला असता तो कित्येक महिने अडकतो. आधी जामीन, सोबत उपचाराची लेखी व्यवस्था. 369 खाली सुटकेची तरतूद आहेच. प्रथमदर्शनी केसच नसेल तर आरोपीला प्रश्न न विचारता, वकिलाचं ऐकून, कोर्ट त्याला तिथेच मुक्त करू शकतं. 2008 च्या दुरुस्तीनं आलेली ही तरतूद नव्या संहितेतही आहे, पण मागितलीच जात नाही.

मनोविकार_राजारामपुरी

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगते.

आमच्याकडे पत्र येतं: "सदर आरोपीची मानसिक तपासणी करून अहवाल द्यावा." कशासाठी, ते लिहिलेलंच नसतं. मग अहवालही तसाच एका ओळीचा जातो: "सध्या स्थिर." वकिलांनी अर्जातच कोर्टाला प्रश्न नेमके लिहायला लावावेत. निदान काय, कधीपासून? आज खटला समजतो का, वकिलाला सूचना देता येतात का? नसेल तर उपचारांनी सुधारण्याची शक्यता किती, साधारण किती काळात? घटनेच्या काळातल्या मनःस्थितीबद्दल उपलब्ध कागदांवरून काय सांगता येतं? सोबत एफआयआर आणि जुने केसपेपर जोडा. नुसती पंधरा मिनिटांची ओपीडी बघून मागच्या वर्षीच्या रात्रीबद्दल कुणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही.

केसपेपर म्हणजे आईच्या कापडी पिशवीत चौघडी घालून ठेवलेले, घड्यांवर फाटलेले ते कागद. कोपऱ्यातला नोंदणी क्रमांक आणि तारीख आधी टिपून घ्या, त्यावरून दवाखान्याचं रजिस्टर निघतं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 25 नुसार स्वतःच्या नोंदी मागायचा रुग्णाला हक्क आहे. गोळ्यांचं रिकामं पाकीटही टाकू नका.

आणि कोर्टात सतत पाय हलवणारा, एका जागी उभं न राहू शकणारा आरोपी उर्मट नसतो. काही औषधांचा हा दुष्परिणाम आहे, अकाथिजिया. वकिलानं उठून तेवढं सांगितलं तरी फरक पडतो.

सेशन_बाजू

दारू तुटण्याचा मुद्दा मान्य. रिमांडपुरतं सगळ्यांना शिकवा, त्याला माझी हरकत नाही. पण खटला चालवताना मी मागे हटणार नाही. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका पोलीस शिपायाला पत्नीच्या खुनातून याच बचावावर मुक्त केलं. ते कशावर? आजाराचा आधीपासूनचा इतिहास, घटनेनंतर काही महिन्यांत 25 वेळा दवाखान्यात न्यावं लागल्याच्या नोंदी, दिवसाढवळ्या कृत्य आणि पळून न जाणं. ही साखळी साक्षीदारामागून साक्षीदार जोडावी लागते. सहा बैठकांत ते येत नाही.

फौजदारी_बावडा

साखळी जोडायला तुमच्यासारखेच हवेत, हे मान्य करतो. पण त्या साखळीची पहिली कडी अटकेनंतरचे दिवस आहेत. आधीच्या आजाराची माहिती तपासात मिळाली तर आरोपीची वैद्यकीय तपासणी करून तो पुरावा कोर्टापुढे ठेवणं हे तपास अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि ते न केल्यास सरकार पक्षाची बाजू कमकुवत होते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 मध्ये राजस्थानच्या अपिलात म्हटलंय. ज्युनिअरनं पहिल्या आठवड्यात तपासणीचा लेखी अर्ज देऊन ठेवला असेल, तरच तुम्ही दोन वर्षांनी उलटतपासात तो कागद तपास अधिकाऱ्यापुढे धरू शकाल.

माझा प्रस्ताव बदलतो. चार बैठका सगळ्यांना, पुढच्या आठ फक्त निवडक दहा जणांना. त्या आठांत शिक्षेचा टप्पाही घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2019 च्या "आरोपी एक्स" निकालानंतर, शिक्षा झाल्यावर जडलेला गंभीर आजारही फाशी कमी करायला कारण ठरतो.

गडहिंग्लज_वकील

एक राहिलं. पक्षकारच म्हणाला, "मला वेडा ठरवू नका", तर? त्याची सूचना मोडून अर्ज द्यायचा का?

सेशन_बाजू

नाही. वकीलपत्र त्याचं आहे.

लोक_अभिरक्षक_पॅनेल

मला हे इतकं सरळ वाटत नाही. "शेजाऱ्यांनी न्यायाधीशांना विकत घेतलंय, म्हणून काही बोलू नका" अशी सूचना देणारा माणूस निर्णय घेतोय की आजार?

मनोविकार_राजारामपुरी

तातडी नसेल तर तारीख मागून घ्या आणि तुरुंगातल्या डॉक्टरांकडून उपचार सुरू होतील एवढं बघा. भ्रमावरच्या औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. महिन्याभरानं पुन्हा मुलाखत घ्या, "वेडा" हा शब्द न वापरता तोच प्रश्न विचारा, आणि दोन्ही वेळची उत्तरं तारखेसह तुमच्या फाईलमध्ये लिहून ठेवा.